पायाखालचा ब्रेक

दसऱ्याच्या सकाळी आमचे हे झेंडूची माळ हातात घेऊन पार्किंगमध्ये उभे होते आणि माळ घालायला गाडीच नव्हती. मी वरून गॅलरीतून बघत होते. दर दसऱ्याला ते स्कूटर धुवायचे, पुसायचे, हँडलला माळ घालायचे आणि मग हळदकुंकवाला मला खाली बोलवायचे. यंदा स्कूटरच्या जागेवर आमच्या मुलाची, तेजसची, मोटार उभी होती. थोडा वेळ तिथेच घुटमळून त्यांनी ती माळ आमच्या सुनेच्या गाडीला घातली, वर आले आणि मला म्हणाले, "चहा टाक."

मला भरून आलं आणि त्याहून जास्त संताप आला. संताप तेजसवर होता. फेब्रुवारीत यांची बायपास झाली. हे दवाखान्यात असतानाच तेजसने भंगारवाला बोलावून यांची जुनी गिअरची स्कूटर देऊन टाकली. खालचा पत्रा गंजून गेला होता, पार्ट मिळत नव्हते, सोसायटीवाले रोज बोंबलत होते, हे सगळं खरं. खरं असलं म्हणून काय झालं? त्या स्कूटरवर या माणसाने हिंगण्याहून भोसरीच्या कंपनीत जाऊन येऊन उभा जन्म काढला. ज्या शेतात यांचे वडील ज्वारी काढायचे तिथे बिल्डिंगी झाल्या, गावाचं कर्वेनगर झालं, तरी हे संपतराव सकाळी स्कूटर तिरकी करायचे, किक मारायचे आणि निघायचे. दवाखान्यातून घरी आले तेव्हा पार्किंगमधली मोकळी जागा त्यांनी बघितली आणि एक शब्द बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून ते गॅलरीतल्या खुर्चीत बसून असायचे. डॉक्टर म्हणाले होते, आता सगळं करा, गाडीसुद्धा चालवा. पण सगळं म्हणजे काय करायचं, ते काही डॉक्टर सांगत नाहीत.

मग रेवाच्या व्हॅनवाल्याने दिवाळीनंतर येत नाही म्हणून कळवलं. रेवा म्हणजे आमची नात, दुसरीत आहे, शाळा सदाशिव पेठेत. सकाळी तिला शेफाली, आमची सून, ऑफिसला जाता जाता सोडते. दुपारी आणायचा प्रश्न. जेवताना शेफाली म्हणाली, "शाळेजवळ एक डे-केअर आहे, सहापर्यंत ठेवतात. चौकशी करते."

"मी आणीन," हे म्हणाले.

सगळ्यांचे घास थांबले. आणायला मीही आणू शकले असते. मी चाळीस वर्षांची असल्यापासून गिअरलेस चालवते. निवृत्त झाले तेव्हा माझीच गाडी शेफालीला दिली. पण आठ महिन्यांत या माणसाने स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट होती. ती त्यांना मिळालीच पाहिजे, असं मी पोळी वाढता वाढता ठरवून टाकलं.

आता गाडी घ्यायची तर कोणती, यावर घरात आठवडाभर चर्चा झाली. चर्चा म्हणजे तेजस बोलायचा. त्याच्या मते इलेक्ट्रिकशिवाय पर्याय नव्हता. आवाज नाही, पेट्रोल नाही, मागे घ्यायला रिव्हर्स, आणि ॲप. शनिवारी आम्ही त्या शोरूमला गेलो. आयुष नावाचा एक तरतरीत मुलगा आम्हाला चिकटला.

"अंकल, ही बघा. फुल टचस्क्रीन, नेव्हिगेशन इनबिल्ट. मॅक्स स्पीड पण लॉक करू शकता तुम्ही."

"आणि आप्पा कुठे आहेत ते मला ऑफिसात बसून दिसेल," तेजस म्हणाला.

"गळ्यात घंटा पण बांधूया," मी म्हणाले. आयुष हसला, तेजस हसला नाही.

यांनी ती गाडी चालवून बघितली. कोपऱ्यापर्यंत गेले आणि वळून आले. दोन्ही पाय जवळ घेतलेले, दोन्ही हातांची बोटं दोन्ही ब्रेकवर, नजर समोर. परक्याच्या घरी सोफ्यावर बसतात तसे बसले होते. पण चालवली मात्र नीट, थांबवलीही नीट. उतरले आणि म्हणाले, "चांगली हाय." दवाखान्यातल्या जेवणालाही ते रोज हेच म्हणायचे.

रस्त्याच्या पलीकडे दुसरं शोरूम होतं. दारातच एक स्कूटर उभी होती, पिस्ता रंगाची. गोल दिवा, गोल आरसे, गुबगुबीत मागची बाजू, कडेने चकचकीत पट्टी. जुनी म्हणाल तर जुनी, आणि कोरी करकरीत. हे सरळ रस्ता ओलांडून गेले. आम्ही मागोमाग. त्यांनी गाडीला एक फेरी घातली, बोट वाकवून अंगावर टकटक केलं.

"पत्रा हाय," ते मला म्हणाले.

मग ते तिच्यावर बसले आणि बसताक्षणी सवयीने तिला तिरकी करू लागले. तिथला माणूस धावत आला, "काका, काका, बटण आहे!" आम्ही सगळे हसलो आणि हेही हसले. चांगलं पोटातून हसले. ऑपरेशननंतर ते तसं हसल्याचं मला आठवत नव्हतं. माझ्यापुरता विषय तिथे संपला.

"आई, हा नुसता लुक आहे," तेजस मला बाजूला घेऊन म्हणाला. "रेट्रो दिसते म्हणून रेट्रो. आतून साधी गिअरलेस आहे. ॲप नाही, ट्रॅकिंग नाही, काहीच नाही. प्लीज, इमोशनल होऊन ठरवू नकोस."

"भंगारवाला बोलावलास तेव्हा मला विचारलं होतंस?"

तो खिशातून फोन काढून बघायला लागला. मला जिंकल्याचा आनंद झाला, खोटं कशाला सांगू. चालवून बघायची गाडी नेमकी बाहेर गेली होती आणि पाडव्याच्या नोंदणीला रांग लागली होती. म्हणून ही गाडी आम्ही न चालवताच घेतली.

पाडव्याला गाडी ताब्यात मिळाली. चाकाखाली लिंबू ठेवलं, यांनी ते चिरडलं, आणि आम्ही दोघं तळ्यातल्या गणपतीला पूजेसाठी निघालो. तिथे निम्मं पुणं आपापल्या नव्या गाड्या घेऊन आलेलं. पण त्याआधी चौकातच पहिला प्रकार झाला. सिग्नल सुटला, गाडी निघाली, जरा वेग आला आणि एकदम कचकन थांबली. माझं नाक यांच्या पाठीवर आपटलं. मागचा रिक्षावाला आमच्यावर येता येता राहिला.

"काका," तो शेजारून जाताना म्हणाला, "गाडी नवीन आहे. रस्ता जुनाच आहे, घाबरू नका."

झालं काय होतं ते मला लगेच कळलं. जुन्या स्कूटरला डाव्या मुठीत क्लच आणि गिअर असायचा आणि ब्रेक उजव्या पायाखाली. नव्या गाड्यांना गिअर नाही, क्लच नाही. दोन्ही ब्रेक हातात, पायाखाली नुसती सपाट जागा. यांनी दुसरा गिअर टाकायला म्हणून डाव्या हाताने क्लच दाबला, आणि तो होता ब्रेक. मला हसू आलं.

"अहो, गिअर नाही त्याला."

"माहीत हाय मला," ते म्हणाले. "डाव्या हाताला माहीत नाय अजून."

तसं आणखी दोन-तीनदा झालं. मग त्यांनी उपाय काढला. डाव्या मुठीवर बोटं गुंडाळून ठेवायची आणि काही झालं तरी त्या दांडीला हात लावायचा नाही. "त्याला सांगून ठेवलंय, गप बसायचं," असं मला मोठ्या अभिमानाने सांगितलं. आणि खरोखर गाडी सुतासारखी चालायला लागली.

तो आठवडा फार चांगला गेला. रोज सकाळी आम्ही दोघं रस्त्याच्या सरावाला म्हणून शाळेपर्यंत जाऊन यायचो. येताना चहा. एकदा कसब्यात यांच्या कंपनीतल्या जुन्या मित्राकडे गेलो, तर गाडी दाखवायला त्याला दोन जिने खाली उतरवला. रात्री दुसऱ्यांदा भात मागायला लागले. रेवाला तिच्या मापाचं हेल्मेट आणलं, तेही पिस्ता रंगाचं, चार दुकानं हिंडून. तिने तिच्या सगळ्या मैत्रिणींना फोनवरून कळवलं की सुट्टी संपली की माझे आजोबा मला न्यायला येणार, हिरव्या गाडीवरून. तेजससुद्धा एकदा म्हणाला, "आप्पा फ्रेश दिसतायत." मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याला पुढचं बोलायची गरज पडली नाही.

निवृत्त झाल्यापासून मी पंजाबी ड्रेस घालते आणि मागे दोन्हीकडे पाय टाकून बसते. म्हणून मला त्यांचा उजवा पाय दिसला. एका सकाळी म्हात्रे पुलावर पुढची बस थांबली आणि त्यांचा उजवा पाय खालच्या रबरावर धाडकन दाबला गेला. गाडी थांबली नाही, अर्थातच. मग क्षणभराने उजव्या हाताने ब्रेक मारला, आणि बसच्या मागे आम्ही हातभर अंतर ठेवून थांबलो.  पुढचा सगळा रस्ता मी दुकानं बघितली नाहीत, पायच बघत बसले. आणि तो पाय प्रत्येक वेळी दाबला जात होता. सिग्नलला, वळणावर, कुत्रं आडवं आलं की. हात ब्रेक मारायचा, पण पायानंतर. पाय आधी, मग थोडा वेळ काहीच नाही, मग हात. डावा हात तर त्यांनीच गप्प बसवून ठेवलेला.

मी त्यांचा शर्ट घट्ट धरून बसले.

शुक्रवारी डी. पी. रोडला पुढची रिक्षा गिऱ्हाईक दिसलं म्हणून मध्येच थांबली. पाय दाबला गेला, पुन्हा दाबला गेला, तिसऱ्यांदा अगदी जीव खाऊन दाबला गेला, आणि आम्ही रिक्षावर आदळलो. वेग नव्हता म्हणून निभावलं. रिक्षावाला उतरला, मागे वाकून बघितलं, मग आमच्या गाडीकडे बघितलं.

"नवीन का? वाजवून बघताय होय?"

"ब्रेक लागंना," हे म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

ते खोटं बोलत नव्हते, हीच पंचाईत होती. तसेच आम्ही तडक शोरूमला गेलो. तिथल्या मेकॅनिकने एक चक्कर मारली, दोन्ही ब्रेक करकचून लावून बघितले. "काका, एकदम टाइट आहेत."

"दाबला तरी लागंना म्हणतोय मी!"

"कुठला दाबला, काका? उजवा का डावा?"

हे त्याच्याकडे बघत राहिले. "ब्रेक," ते म्हणाले. "ब्रेक दाबला." मेकॅनिकने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. इतकी लाज मला स्वतःची कधी वाटली नव्हती, कारण गाडी मी निवडली होती.

त्या संध्याकाळी गॅलरीत त्यांच्याशेजारी बसून मी सांगितलं. "अहो, तुमचा पाय ब्रेक शोधतो."

"खुळी झालीस काय? खाली ब्रेक नाय ते मला कळत नाय?"

"तुम्हाला कळतं. पायाला कळत नाही."

मग मी सगळंच बोलले. त्या इलेक्ट्रिकवर तुम्ही दोन्ही पाय जवळ घेऊन बसला होतात. ती गाडी ओळखीची नव्हती म्हणून सांभाळून चालवलीत, हातांनी थांबवलीत. ही गोल दिव्याची, पत्र्याची, तुमच्या जुनीसारखी दिसणारी. हिच्यावर बसलात की अंगाला वाटतं आपलीच गाडी आली परत, आणि पाय त्याच्या जागेवर जातो. ही परत करू, ती घेऊ. माझंच चुकलं निवडताना.

ते ऐकून घेतील असं मला वाटलं होतं. ते खुर्चीतून उठले. "पोरगा गाडी विकतो," म्हणाले, "बायको पायात खोड काढते. छान चाललंय." आणि जेवलेही नाहीत.

मी मागे लागले. "सोमवारी शाळा उघडते, रेवा असणार आहे मागे."

"ती मागं असली की मी नीटच चालवीन."

मला याचीच भीती होती. त्यांचा त्यावर पुरता विश्वास होता. जगात ज्यांच्या ज्यांच्या हातून मागे बसलेलं पोर पडलं, त्या सगळ्यांना असंच वाटत असणार.

शनिवारचा दिवस मी तेजसला सांगू की नको यातच घालवला. सांगितलं असतं तर पाच मिनिटांत निकाल लागला असता. किल्ली त्याच्या खिशात, रेवा डे-केअरला, आणि हे परत खुर्चीत. आणि या वेळी त्यांना कोणीही उठवू शकलं नसतं. न सांगावं तर सोमवार येतच होता. तेजस बरोबर होता, त्याला स्वतःला का बरोबर होता ते माहीत नव्हतं, आणि मी चूक होते ते प्रेमाने चूक होते. पण ब्रेकला त्याचं काय?

रविवारी सकाळी मी म्हणाले, "चला, मागच्या मैदानात. मला दाखवा तुमचे ब्रेक लागतात ते."

आमच्या बिल्डिंगीच्या मागे एक मोकळी जागा आहे. तिथे काहीतरी टॉवर होणार आहे. सध्या नुसते वाळूचे ढीग आहेत आणि पोरं क्रिकेट खेळतात. त्या वेळी कोणी नव्हतं. यांनी मोठ्या रुबाबात दोन फेऱ्या मारल्या. खडूने रेघ मारल्यासारखे बरोबर माझ्यापाशी येऊन थांबले, दोनदा. थांबायचं आधीच माहीत असलं की हात बरोबर चालत होता. "बघितलंस?" असं तोंडाने न म्हणता माझ्याकडे बघितलं.

तिसऱ्या फेरीला ते समोरून येत असताना मी त्यांच्या वाटेत चालत गेले.

शहाणपणाचं नव्हतं ते. असं करायचं मी घरून ठरवून निघाले नव्हते; पाय उचलला तेव्हा ठरलं. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते. ते दचकले, आणि मला दिसलं, उजवा पाय खाली गेला. गाडी येतच राहिली. त्यांनी हँडल वळवलं, आरसा माझ्या कोपराला घासून गेला, आणि गाडी पुढे जाऊन वाळूच्या ढिगात रुतली आणि बंद पडली.

मी पळत गेले. ते पडले नव्हते. दोन्ही हातांनी मुठी घट्ट धरून तसेच बसले होते आणि छाती वरखाली होत होती. मला एकदम त्यांच्या हृदयाची आठवण झाली.

"कशाला आलीस मधी?" ते ओरडले. "मेली असतीस ना!"

मी त्यांना धरलं.  त्यांचा श्वास हळूहळू खाली बसला. मग त्यांनी खाली बघितलं, आणि बराच वेळ बघत राहिले. गाडी बंद पडलेली, पुढचं चाक वाळूत, आणि पाय अजून रबरावर करकचून रोवलेला.

"आता बी दाबलाय," ते हलक्या आवाजात म्हणाले.

आम्ही दोघांनी मिळून गाडी वाळूतून ओढून काढली. घरापर्यंत ती मी चालवली नाही, त्यांनीही नाही. दोघांनी दोन बाजूंनी ढकलत नेली. वाटेत मी म्हणाले, "रेवाला मी आणीन. तेजसला काही सांगायला नको. म्हणू या की तुम्हाला जरा दमल्यासारखं होतंय."

"दमलोय कुठं मी? खोटं कशाला?"

आणि दुपारी जेवताना, वरणभातावर तूप वाढून घेता घेता, त्यांनी सांगितलं. "तेजस, ही गाडी मला येत नाय चालवता. पाय ऐकंना. सकाळी तुझ्या आईच्या अंगावर घालत होतो."

शेफालीच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. तेजसने माझ्याकडे बघितलं. आता तो म्हणणार, सांगत होतो मी, असं समजून मी उत्तर तयार ठेवलं होतं. तो तसं म्हणाला नाही. "लागलं का तुला?" एवढं त्याने मला विचारलं. मग यांच्याकडे न बघता म्हणाला, "आप्पा, ती जुनी मी विकायला नको होती."

"गंजली होती ती," हे म्हणाले.

"मग आपण ती इलेक्ट्रिक घेऊ. ट्रॅकिंगबिकिंग काही नको. नुसती गाडी."

"घे. शिकतो मी. पण शिकणाऱ्याच्या मागं पोर बसवायची नाय. माझा मला भरवसा येस्तोवर नाय. तोवर तुझी आई आणील तिला." त्यांनी भात कालवला. "रेवाला मी सांगणार. तुम्ही कोणी बोलू नका."

रेवा सुट्टीत तिच्या दुसऱ्या आजीकडे गेली होती. संध्याकाळी आली ती सरळ हेल्मेट डोक्यावर घालून घरभर हिंडली. हे तिच्याकडे बघत बसले, पण बोलले नाहीत. सोमवारी सकाळी दप्तर पाठीवर टाकून निघताना ती म्हणाली, "आजोबा, गेटच्या अगदी समोर उभी करा हां. म्हणजे सगळ्यांना दिसेल."

"करतो," हे म्हणाले.

दार लागल्यावर मी त्यांच्यावर उखडले. "कधी सांगणार आहात? मी एकटी तिथे जाऊन उभी राहू आणि तिने तुम्हाला शोधत बसायचं?"

"मी येतो ना संगं."

दुपारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले. पार्किंगमध्ये येऊन किल्ली माझ्या हातात दिली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मागे बसले. बसायचं कसं, हात कुठे ठेवायचे, काही त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी मागची दांडी धरली आणि मी निघाले.  

शाळा सुटायची वेळ म्हणजे सदाशिव पेठेत पाय ठेवायला जागा नसते. व्हॅन, रिक्षा, आया, आजोबा, क्लासची पोरं. तरी मी गाडी गेटच्या अगदी समोर लावली. रेवा तीन मैत्रिणींना हाताला धरून घेऊन आली. पोरींनी गाडीला हात लावून बघितला. एकीने विचारलं, "तुझे आजोबा हे? हेच चालवतात?"

हे खाली वाकले. गुडघ्यावर हात ठेवून पोरींच्या उंचीला आले. आजूबाजूला चार आयाही उभ्या होत्या.

"न्हाय," ते म्हणाले. "मला नाय येत ही गाडी. मला वाटलं येत आसंल, पण नाय येत. तुझी आजी चालवणार. मी शिकणार हाय दुसरी."

रेवाचा चेहरा पडला. "पण मी सगळ्यांना सांगितलंय."

"ते चुकलं माझं," ते म्हणाले. "मी सांगायला पायजे होतं आधी."

एका मैत्रिणीला तिच्या आईने हाक मारली, बाकीच्याही पांगल्या. यांनी रेवाच्या डोक्यावर ते पिस्ता हेल्मेट घातलं, हनुवटीखालचा पट्टा लावला, ओढून बघितला. तिला मागे बसवलं. तिच्या पाठीवरचं दप्तर काढून स्वतःच्या खांद्याला अडकवलं.

"तुम्ही?" मी विचारलं.

"तिघं कशाला? मी जातो चालत. डॉक्टरांनी चालायलाच सांगितलंय." आणि मी काही म्हणायच्या आत ते गर्दीत शिरले.

मी गाडी सुरू केली, पण जायला वाट नव्हती. पुढे व्हॅन अडकली होती, तिच्यापुढे टेम्पो. आम्ही हातभर सरकायचो आणि थांबायचो. तेवढ्यात फुटपाथवरून ते आमच्या शेजारून पुढे गेले. इस्त्रीचा शर्ट, एका खांद्यावर परीचं चित्र असलेलं गुलाबी दप्तर, मान खाली.

"आजोबा!" रेवाने हाक मारली.

त्यांनी ऐकलं असणार, कारण हात वर केला. वळले मात्र नाहीत. उलट जरा भराभर चालायला लागले.

"आजी, हॉर्न वाजव ना. मग बघतील."

"नको," मी म्हणाले.

"का?"

"रडतायत ते. त्यांना आत्ता कोणी बघायला नकोय."

 रेवाने मला कमरेशी घट्ट धरलं. पुढची व्हॅन हलली, टेम्पोही वळला, रस्ता मोकळा झाला. मी गाडी त्यांच्या मागे, त्यांच्याच चालीने ठेवली. मागचे हॉर्न वाजवायला लागले, एकाने शिवीही दिली. मी त्यांच्या पुढे गेले नाही.